रॅग्नारोक ऑनलाइनकडे परतताना : नकाशा जुना, हिशेब कोणता ते आधी ठरवा

विचारणा अशी आहे. इंदूरच्या सुदामानगरात राहणारे एक गृहस्थ २००६-०७ च्या सुमारास भंवरकुआँच्या सायबर कॅफेत रॅग्नारोक ऑनलाइन हा अनेकांनी मिळून खेळायचा इंटरनेटवरचा खेळ खेळत. त्यांचं हंटर, म्हणजे धनुर्धारी शिकाऱ्याचं पात्र, ऐंशीव्या लेव्हलच्या पुढे गेलं होतं. मग नोकरी लागली आणि खेळ सुटला. आता चौदा वर्षांच्या पुतण्याबरोबर पुन्हा खेळायचं मनात आहे. घरी आय-थ्री प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, फायबरचं इंटरनेट आहे, पैसे घालायची इच्छा जवळजवळ नाही. जुनं जेवढं आठवतंय तेवढं अजून चालेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्हाला आठवतंय त्यातलं निम्मं जसंच्या तसं चालेल. प्रोंटेरा, पायॉन, गेफेन ही शहरं जागच्या जागी आहेत. कोणता मॉन्स्टर कोणत्या गुणधर्माचा, कुठे सापडतो, काय टाकतो हे बहुतेक तेच आहे. उरलेलं निम्मं, म्हणजे स्टॅटचे (पात्राच्या ताकद-चपळाईसारख्या गुणांचे) आकडे, मारा, चुकवणं, मंत्राचा वेळ आणि अनुभवाची वाटणी, हे तुम्ही कोणत्या सर्व्हरवर जाता त्यावर अवलंबून आहे. परत आलेले जुने खेळाडू महिन्याभरात वैतागून सोडतात ते बहुधा याच ठिकाणी अडकतात. हात जुन्या हिशेबाने चालतो आणि खेळ नव्या हिशेबाने उत्तर देतो. म्हणून इन्स्टॉलच्या बटणाला हात लावण्याआधी सर्व्हर ‘प्री-रिन्यूअल’ (जुन्या हिशेबाचा) आहे की ‘रिन्यूअल’ (नव्या हिशेबाचा) हे पाहा.

सोलच्या ग्रॅव्हिटी कंपनीने हा खेळ ऑगस्ट २००२ मध्ये कोरियात रीतसर सुरू केला. भारतात लेव्हल अप कंपनीने त्याचा वेगळा सर्व्हर चालवला, आणि तुम्ही कॅफेत खेळलात तो याच जुन्या मांडणीचा खेळ होता. २००९-१० च्या सुमारास रिन्यूअल नावाचा मोठा बदल आला. त्याने तिसऱ्या टप्प्याचे जॉब (पात्रांचे पेशे) आणले, ९९ ची कमाल लेव्हल वर सरकवली आणि गणिताची जवळजवळ सगळी सूत्रं बदलली. नावं आणि चित्रं मात्र तीच ठेवली, त्यामुळे फसायला होतं.

फरक किती खोल आहे ते आकड्यांत पाहा. जुन्या मांडणीत हातघाईच्या शस्त्राला एसटीआरचा (ताकदीचा) मिळणारा फायदा असा : एसटीआर, अधिक एसटीआरच्या दशकाचा वर्ग. एसटीआर ८९ असेल तर ८९ अधिक ८ चा वर्ग, म्हणजे १५३. एक गुण वाढवून ९० केला की ९० अधिक ९ चा वर्ग, म्हणजे १७१. एका गुणाने १८ चा फरक पडतो. म्हणूनच तेव्हा सगळे ब्लेसिंग (स्टॅट वाढवणारा मंत्र) आणि जॉबचा बोनस धरून एसटीआर बरोबर दहाच्या पटीत बसवायचे. रिन्यूअलमध्ये लेव्हलचा चौथा भाग, एसटीआर, डेक्सचा (नेमकेपणाचा) पाचवा भाग आणि लकचा (नशिबाचा) तिसरा भाग यांची साधी बेरीज होते. तिथे दहाच्या पटीला काही अर्थ उरत नाही, आणि एसटीआर ९० वर आणण्यासाठी तुम्ही डेक्स कापला असेल तर ते नुकसान आहे. मंत्राचं गणितही तसंच बदललं. पूर्वी डेक्स १५० झाला की मंत्र क्षणात सुटायचा. आता डेक्सची दुप्पट अधिक इंट (बुद्धी) मिळून ५३० झाले तरच मंत्राचा बदलता भाग शून्यावर येतो. एक ‘फिक्स्ड’ भाग तरीही शिल्लक राहतो आणि तो या स्टॅटने हलत नाही. त्यासाठी उपकरणं आणि विशिष्ट स्किल लागतात.

हिट (वार लागण्याचा आकडा) आणि फ्ली (वार चुकवण्याचा आकडा) बघून तर हमखास घोटाळा होतो. लेव्हल ५० आणि डेक्स ६० असेल तर जुन्या खिडकीत हिट ११० दिसायचा. रिन्यूअलमध्ये तोच माणूस २८५ दाखवतो, कारण तिथे पायाच १७५ चा धरला आहे आणि लकचा तिसरा भागही त्यात येतो. २८५ पाहून ‘आता सगळं लागेल’ असं वाटतं आणि पुढच्या गुहेत निम्मे बाण चुकतात. मॉन्स्टरची फ्लीही त्याच प्रमाणात वर गेलेली असते. दोन सर्व्हरांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहूच नका.

अनुभवाची वाटणी हा तिसरा फरक, आणि पुतण्याबरोबर खेळताना हा सगळ्यात जास्त जाणवेल. जुन्या मांडणीत तुमची लेव्हल कितीही असो, ऑर्क वॉरियर तेवढाच अनुभव द्यायचा. रिन्यूअलमध्ये लेव्हलच्या अंतराचा तक्ता लागतो. मॉन्स्टर तुमच्यापेक्षा १० लेव्हल वर असेल तर १४० टक्के मिळतात. १६ किंवा त्याहून वर असेल तर ४० टक्क्यांवर घसरण होते. तुमच्यापेक्षा ३० हून जास्त लेव्हल खाली असेल तर फक्त १० टक्के. मूळ तक्ता हा होता. काही सर्व्हरांनी त्यात सूट दिली आहे, तेव्हा आपल्या सर्व्हरचा तक्ता पाहून घ्या. याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘जुन्या ओळखीच्या गुहेत आरामात बसून लेव्हल करू’ हा बेत तिथे जमत नाही. दर दहा-पंधरा लेव्हलला जागा बदलावी लागते.

मग दोघांनी काय निवडावं? तुम्ही दोघं रोज एकाच वेळी बसणार असाल तर प्री-रिन्यूअल किंवा त्याच्या जवळचा ‘क्लासिक’ सर्व्हर घ्या. ती मांडणी मुळात पार्टीसाठीच, म्हणजे गटाने खेळण्यासाठीच केलेली आहे, दोन माणसांतही तिची मजा येते आणि तुमचं जुनं ज्ञान पुतण्याच्या थेट उपयोगी पडतं. वेळा जुळत नसतील, त्याची शाळा आणि तुमची पाळी वेगवेगळी असेल, तर रिन्यूअल घ्या. तिथे ईडन ग्रुप नावाच्या संस्थेकडून लेव्हल १२, २६ आणि ४० अशा टप्प्यांवर साधं सामान फुकट मिळतं. ते विकता येत नाही, पण एकट्याने पुढे सरकता येतं. ‘दोन्ही थोडं थोडं बघू’ असं करू नका. दोन्हींचे हिशेब डोक्यात एकमेकांत मिसळतात.

आता सर्व्हर कुठला हा प्रश्न. अधिकृत सर्व्हर देशांच्या गटांनुसार चालतात आणि पुष्कळदा बाहेरच्या देशांना बंद असतात. त्यामुळे नोंदणीच्या पानावर भारत स्वीकारतात की नाही हे आधी पाहा. व्हीपीएन लावून आत शिरलात आणि पुढे खातं गोठवलं गेलं तर दाद मागायला जागा नसते. परवान्याशिवाय चालवलेले सर्व्हरही पुष्कळ आहेत. ते एक दिवस न सांगता बंद होतात आणि त्यांच्या क्लायंटची फाइल कुणी तपासलेली नसते. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर अशी फाइल चालवू नये. मूल सोबत आहे म्हणून हे जास्तच आग्रहाने सांगावंसं वाटतं.

अंतराचं गणित कोणतीही कंपनी बदलू शकत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. इंदूर ते सिंगापूर हवाई अंतर ४,००० किलोमीटरच्या आतबाहेर आहे, म्हणजे जाऊन येऊन किमान ४० मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या दीड ते दुप्पट धरा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी हा आकडा सहज दोनशेच्या वर जातो. लेव्हल करण्यासाठी दीडशेपर्यंत पिंग (जाऊन येऊन लागणारा हा वेळ) चालतं, कारण हा क्लिक करून चालायचा खेळ आहे. पण वॉर ऑफ एम्पेरियमसारख्या गिल्डच्या लढाईत दोनशेच्या वर प्रीस्टचं (सोबत्यांना सावरणाऱ्या पात्राचं) हील, म्हणजे जखमा भरणारा मंत्र, माणूस पडल्यावर पोचतं.

पिंगच्या सरासरीपेक्षा त्याचा चढउतार जास्त त्रास देतो. १२० वर स्थिर असलेली लाइन ७० आणि ३०० च्या मध्ये उड्या मारणाऱ्या लाइनपेक्षा बरी. तपासायची सोपी रीत अशी : खेळ चालू असताना विंडोजचा रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये टीसीपी कनेक्शनचा तक्ता असतो, त्यात खेळाच्या क्लायंटच्या ओळीत पॅकेट लॉस आणि लेटन्सी दिसते. संध्याकाळी सात ते दहा या वेळात दहा मिनिटं नजर ठेवा. आकडा उड्या मारत असेल तर आधी वायफाय सोडून राउटरपासून इथरनेटची तार लावा. बहुतेक घरांत दोष तिथेच निघतो. तार लावूनही उड्या तशाच राहिल्या तर मग इंटरनेट देणाऱ्याकडे तक्रार करण्यात अर्थ आहे.

वेळेचंही पाहा. फिलिपिन्सची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात आणि कोरियाची साडेतीन तास. इंदुरात सराफ्याची खाऊगल्ली भरात येते त्या रात्री दहाला मनिलात साडेबारा वाजलेले असतात आणि पार्टीवाले उठून गेलेले असतात. आग्नेय आशियाच्या सर्व्हरवर माणसं भेटायची असतील तर आपल्याकडचे संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हे तास घ्या, किंवा रविवारी दुपार. पुतण्याच्या अभ्यासाच्या दृष्टीनेही हे तास सोयीचे आहेत.

तुमच्या लॅपटॉपची काळजी करू नका. सपाट स्प्राइट (पात्रांची चित्रं) साध्या त्रिमिती नकाशावर फिरतात, एवढंच चित्रकाम आहे. वेगळं ग्राफिक कार्ड असलं-नसलं सारखंच, प्रोसेसरचा एकच गाभा बहुतेक काम करतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर मात्र नकाशा बदलताना फरक स्पष्ट दिसतो, कारण सगळी चित्रं मोठ्या जीआरएफ फायलींतून वाचली जातात. खेळ ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका. पॅचर (खेळ अद्ययावत करणारा प्रोग्राम) स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहितो, विंडोज तिथे लिहू देत नाही आणि पॅच अर्धवट राहून पुढे ‘फाइल सापडत नाही’ असे गूढ संदेश येतात. डी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. पहिल्या वेळी सेटअपचा प्रोग्राम चालवून ग्राफिक डिव्हाइस आणि रिझोल्यूशन निवडा. ते न करता थेट खेळ उघडला तर काळी खिडकी येऊन बंद पडण्याची शक्यता असते. चीट रोखणारा प्रोग्राम कीबोर्डच्या मॅक्रोचं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर आकडे दाखवणारे ओव्हरले आणि रेकॉर्डर यांच्याशी भांडतो. खेळ सुरू होताच बंद पडत असेल तर हे सगळं एकेक करून बंद करून पाहा. अँटिव्हायरसने क्लायंट अडवला तर फक्त अधिकृत फोल्डरपुरती सूट द्या, पूर्ण अँटिव्हायरस बंद करू नका.

आत गेल्यावर गर्दीच्या नकाशात चित्र अडखळलं तर स्लॅश लावून इफेक्ट हा शब्द टाइप करा, जादूच्या रोषण्या बंद होतात. मिनइफेक्टने त्या कमी होतात. एनसी टाइप केलं की कंट्रोल न दाबता सलग वार चालू राहतो. या आज्ञा सगळ्या इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या असतात.

खेळात उतरल्यावर दोन जागा अनोळखी वाटतील. मॉरॉक शहर कथानकातल्या एका टप्प्यावर उद्ध्वस्त झालं आणि आता अर्धं भग्नावस्थेत आहे. ॲसॅसिनचे जुने रस्ते तिथून शोधत बसू नका. नवशिक्यांची सुरुवात नव्या सर्व्हरांवर इझलूडच्या बाजूला हलवलेली आहे. क्लासिक सर्व्हरवर मात्र तुम्हाला ओळखीचाच मॉरॉक भेटू शकेल.

जॉबबद्दल माझं स्पष्ट मत : एकाने आर्चर (तिरंदाज) आणि दुसऱ्याने अॅकोलाइट (हील आणि मदतीचे मंत्र देणारा) घ्यावा, आणि आर्चर पुतण्याला द्यावा. तुम्हाला हंटरची सवय आहे म्हणून मोह होईल. पण चौदा वर्षांच्या मुलाला मागे उभं राहून हील देत बसायला लावलं तर तो आठवड्यात कंटाळेल. शिवाय अॅकोलाइटचं काम खरं तर अनुभवी माणसाचं आहे. कधी पळायचं आणि किती एसपी (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) राखायचा हे तुम्हाला ठाऊक आहे.

पहिला टप्पा नोव्हिसचा, म्हणजे नवशिक्या पात्राचा : जॉब लेव्हल १० करून बेसिक स्किल ९ पर्यंत भरला की जॉब बदलता येतो. पुढचा बदल जॉब लेव्हल ४० ला मिळतो, पण ५० पर्यंत थांबा. ४० ला बदललात तर ३९ स्किल गुण हाती असतात, ५० ला ४९. हे दहा गुण नंतर कशानेही परत मिळत नाहीत. आर्चरने ४० ला बदल केला की डबल स्ट्रेफ, आउल्स आय, व्हल्चर्स आय आणि कॉन्सन्ट्रेशन यांतलं काहीतरी अर्धवट राहतं. पुतण्या घाई करेल. त्याला हे आधीच सांगून ठेवा.

स्टॅटचे गुण वाटण्याचा जुना हिशेब कागदावर मांडून पाहिला की डोळे उघडतात. एखादा स्टॅट १ वरून ९९ ला न्यायला ६२८ गुण लागतात. आधी एकेका पायरीला २ गुण पडतात आणि शेवटच्या आठ पायऱ्यांना ११-११. ९९ लेव्हलपर्यंत सुरुवातीचे ४८ धरून एकूण १,२७३ गुण मिळतात. दोन स्टॅट ९९ केले की १,२५६ संपले आणि हातात १७ राहिले. म्हणून आर्चरने आधी डेक्स ६०-७० पर्यंत न्यावा, मग एजीआय (चपळाई) आणि डेक्स जोडीने वाढवावेत. एजीआयचा उपयोग चुकवण्यासाठी आहे, पण एक अट विसरू नका : एकाच वेळी दोनपेक्षा जास्त मॉन्स्टर अंगावर आले की प्रत्येक वाढत्या मॉन्स्टरमागे फ्ली दहा टक्क्यांनी घटते. पाच जणांनी घेरलेला एजीआयवाला तीसेक टक्के फ्ली गमावून बसतो. आर्चरचा मृत्यू बहुधा असाच होतो.

अॅकोलाइटने इंट आणि डेक्सवर भर द्यावा. जुन्या सूत्रात हीलचा आकडा लेव्हल अधिक इंट यांच्या बेरजेला ८ ने भागून, खालचा पूर्णांक घेऊन ठरतो. हील १० ला त्याला ८४ ने गुणतात. लेव्हल ६० आणि इंट ६० असेल तर १२० भागिले ८ म्हणजे १५, गुणिले ८४ म्हणजे १,२६०. बेरीज १२७ झाली तरी १,२६० च, १२८ झाली की एकदम १,३४४. म्हणून इंटचा पुढचा गुण भरायचा की डेक्सला द्यायचा हे आठच्या पटीकडे बघून ठरवा. ब्लेसिंग १० ने एसटीआर, इंट आणि डेक्स प्रत्येकी १० ने वाढतात, इन्क्रीज एजीआय १० ने एजीआय १२ ने वाढतो आणि चालही वाढते. एवढे दोन मंत्र आर्चरवर सतत असले की त्याचा वेग वेगळ्याच पातळीवर जातो. न्यूमा हे स्किल लवकर घ्या. ते तीन गुणिले तीन चौकोनांत लांबून येणारे बाण अडवतं. पायॉन गुहेच्या खालच्या मजल्यांवर आर्चर स्केलेटन भेटतात, तिथे ते नसेल तर दोघंही परत फिरतात.

गुणधर्माचा तक्ता हा या खेळाचा कणा आहे आणि तो दोन्ही मांडण्यांत बहुतांशी टिकून आहे. आगीचा वार पहिल्या पातळीच्या पृथ्वी गुणधर्मावर दीडपट लागतो, अनडेडवर (मेलेल्यांतून उठलेल्यांवर) सव्वापट. पाण्याचा वार आगीवर दीडपट, वाऱ्याचा पाण्यावर पावणेदोनपट. उलट आगीचा वार आगीवर, पाण्याचा पाण्यावर किंवा वाऱ्याचा वाऱ्यावर केला तर जेमतेम चौथा हिस्सा लागतो. भुताच्या गुणधर्मावर साधा वार फारच थोडा लागतो. म्हणून आर्चरने साध्या बाणांचा नाद सोडून फायर ॲरो घ्यावेत. ऑर्क वॉरियर पृथ्वीचा, ऑर्क गुहेतले ऑर्क झोंबी आणि ऑर्क स्केलेटन अनडेड. एकाच बाणाने गावाबाहेरचं मैदान आणि गुहा दोन्ही होतात. झेनॉर्कवर मात्र आगीचा काही फायदा नाही, तो टाळा. अनडेडवर अॅकोलाइटचं हील उलटं चालतं, निम्म्या ताकदीने पण माराच बसतो. आर्चरचे बाण संपले तरी गुहेतून बाहेर यायचा मार्ग असतो.

शस्त्राच्या आकाराचा तक्ताही लक्षात असू द्या. धनुष्य लहान आणि मध्यम आकारावर पूर्ण लागतं, मोठ्यावर ७५ टक्के. खंजीर लहानावर पूर्ण, मध्यमावर ७५, मोठ्यावर फक्त ५०. ‘माझा थीफ अचानक कमी का मारतोय’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा मोठ्या आकाराचा मॉन्स्टर असतं.

वजनाकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. आर्चरचा पाया २,६०० आणि प्रत्येक एसटीआरमागे ३०. एसटीआर १ असेल तर २,६३०. निम्म्याच्या वर, म्हणजे १,३१५ च्या वर गेलात की एचपी (पात्राचा जीव) आणि एसपी आपोआप भरणं थांबतं. काही सर्व्हरांनी ही रेषा ७० टक्क्यांवर नेली आहे. ९० टक्क्यांवर वार आणि स्किलच बंद. हजार फायर ॲरो २०० वजन खातात, उरलेल्या १,११५ मध्ये १५ वजनाच्या व्हाइट पोशन ७४ बसतात. मग मॉन्स्टरचं सांडलेलं सामान उचललं की रेषा ओलांडली. एसपी भरत नाही म्हणून अॅकोलाइट बसून राहतो, तोही सामान उचलत असतो, आणि दोघांनाही कारण कळत नाही. सामान एकानेच उचलायचं आणि कोणी ते निघण्याआधी ठरवायचं.

दोघांपैकी एकाने त्याच खात्यावर तिसरं पात्र म्हणून मर्चंट (व्यापारी) करून ठेवा. पैसे न घालता खेळायचं असेल तर हीच कमाईची वाट आहे. एन्लार्ज वेट लिमिट ३ झाल्यावर डिस्काउंट उघडतं, डिस्काउंट ३ नंतर ओव्हरचार्ज. डिस्काउंट १० ला २४ टक्के सूट मिळते. १,२०० झेनीची (झेनी म्हणजे खेळातलं चलन) व्हाइट पोशन ९१२ ला पडते, शंभराला २८,८०० वाचले. ओव्हरचार्ज १० ने दुकानदाराला विकताना २४ टक्के जास्त मिळतात. एन्लार्ज ५ वर पुशकार्ट आणि पुशकार्ट ३ वर व्हेंडिंग, म्हणजे स्वतःचं दुकान. व्हेंडिंग १ ला तीन वस्तू मांडता येतात, १० ला बारा. काफ्रा या खेळातल्या सेवा संस्थेचं गोदाम खात्यावरच्या सगळ्या पात्रांना सामाईक असतं, त्यामुळे आर्चरने आणलेला माल मर्चंट थेट उचलतो.

भाव ठरवताना सियागंजात घाऊक माल घेणारा जसा चार दुकानं फिरतो तसं फिरा. गर्दीच्या वेळी प्रोंटेराच्या दुकानांत एकाच वस्तूचा भाव वीस-तीस टक्क्यांनी बदलतो. तीन दिवस भाव वहीत लिहा, मग दुकान लावा. पुतण्याला हे काम द्या, त्याला आवडेल. दुर्मीळ वस्तूपेक्षा रोज लागणाऱ्या गोष्टी चालतात : क्राफ्टिंगचं सामान, बाण, कच्चं ओरिडेकॉन आणि एलुनियम (शस्त्र-चिलखत मजबूत करायची खनिजं). पाच कच्च्यांचं एक शुद्ध होतं, तेव्हा पाच कच्च्यांचा भाव एका शुद्धापेक्षा कमी दिसला की घ्या, बदलून विका.

कार्डासाठी (शस्त्रात किंवा चिलखतात बसवून त्याला जास्तीचा गुण देणाऱ्या वस्तूसाठी) मॉन्स्टर मारत बसण्याबद्दल एक हिशेब. जुन्या मांडणीत साध्या मॉन्स्टरचं कार्ड दहा हजारांत एक अशा प्रमाणात पडतं. याचा अर्थ दहा हजार मारले की कार्ड नक्की, असा होत नाही. दहा हजार मारल्यावर निदान एक कार्ड मिळण्याची शक्यता ६३ टक्के असते, उरलेल्या ३७ टक्के वेळा हात रिकामेच. तेव्हा एखादं ठरावीक कार्ड हवं असेल तर झेनी कमवा आणि विकत घ्या. कार्ड एकदा स्लॉटमध्ये (त्यासाठीच्या खाचेत) बसवलं की मूळ खेळात ते काढता येत नाही, म्हणून आधी शस्त्र निश्चित करा. दुकानातल्या आणि मॉन्स्टरकडून पडलेल्या शस्त्रातला फरकही पाहा. दुकानातली मेन गॉश तीन स्लॉटची असते, पडलेली चार स्लॉटची.

रिफाइनिंगमध्ये, म्हणजे शस्त्र-चिलखत ठोकून एकेक पायरी मजबूत करण्यात, सगळ्यात जास्त संपत्ती जळते. पहिल्या दर्जाचं शस्त्र +७ पर्यंत सुरक्षित, दुसऱ्या दर्जाचं +६, तिसऱ्याचं +५, चौथ्याचं +४, आणि चिलखत +४. त्यापुढे अपयश आलं की वस्तू त्यातल्या कार्डांसकट नष्ट होते. जुन्या तक्त्यात चिलखत +४ वरून +५ ला ६० टक्के, +६ ला ४०, +७ ला ४०. तिन्ही जमण्याची शक्यता ९.६ टक्के. एक +७ हवं तर सरासरी दहा-अकरा सुरक्षित +४ चिलखतं मोडायची तयारी हवी, शिवाय दर ठोक्याला २,००० झेनी आणि एक एलुनियम. म्हणून कार्ड नेहमी रिफाइन झाल्यावर बसवा, आधी कधीच नाही. पहिले दोन महिने +४ वर थांबा. त्या टप्प्यावर +४ आणि +७ यांचा फरक ब्लेसिंगच्या एका मंत्राएवढाही जाणवत नाही.

पैसे घालून मिळणाऱ्या वस्तू तीन प्रकारच्या असतात : अनुभव वाढवणारी मॅन्युअल, ड्रॉप वाढवणारा गम, आणि अपयशातही वस्तू न मोडू देणारी रिफाइनिंगची खनिजं. पहिल्या दोन तुम्हाला इव्हेंटमधून फुकटही मिळतील. मॅन्युअलचा अवधी बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाचा असतो आणि गावात उभं राहिलात तरी घड्याळ चालूच राहतं. पोशन भरून, बाण मोजून, गुहेच्या दारात पोचल्यावर ते उघडा. एचडी प्रकारचं खनिज वरच्या टप्प्यांत अपयश आलं तर वस्तू मोडत नाही, एक पायरी खाली आणतं. +७ च्या पुढे जाणाऱ्यांसाठी ते आहे, तुम्हाला वर्षभर लागणार नाही. कधी छोटी खरेदी करावीशी वाटलीच तर लक्षात ठेवा : परदेशी पानांवर यूपीआय बहुधा चालत नाही, आणि नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावे लागतात. मर्यादा हजाराच्या आत ठेवा आणि काम झालं की परत बंद करा. कार्ड खात्याला जोडून ठेवू नका. मुलाच्या हाती माउस असताना एका चुकीच्या क्लिकने पैसे जातात.

जुन्या खात्याच्या मागे लागू नका. तो सर्व्हर राहिला नाही, नोंदणीचा ईमेलही बहुधा बंद झाला असेल, आणि ‘तुमचं जुनं कॅरेक्टर परत मिळवून देतो’ म्हणणारा माणूस पासवर्ड मागण्यासाठीच आलेला असतो. दोघांची खाती वेगळी काढा, पासवर्ड वेगळे ठेवा, ओटीपीची सोय असेल तर चालू करा. खऱ्या पैशांत झेनी विकत घेऊ नका. ती बॉटने (आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामने) जमवलेली असते, आणि पकडलं गेलं की विकत घेणाऱ्याचंही खातं बंद होतं. आपोआप खेळणारा मॅक्रोही लावू नका. पुतण्याला मित्रांकडून असा प्रोग्राम मिळण्याची शक्यता खूप आहे. तो मिळायच्या आधी बोलून ठेवा.

पहिल्या आठवड्याचा क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस दोघांचे नोव्हिस संपवून जॉब बदला. तिसऱ्या दिवसापासून पायॉन गुहेचा पहिला मजला, तिथले झोंबी आणि स्केलेटन, आर्चर फायर ॲरोवर आणि अॅकोलाइट हीलवर. पार्टी बनवताना अनुभव समान वाटण्याचा पर्याय निवडा. तो दोघांच्या लेव्हलमध्ये ठरावीक अंतरापेक्षा जास्त फरक पडला की आपोआप बंद होतो आणि खेळ त्याबद्दल ठळकपणे सांगत नाही. पुतण्या सुट्टीच्या दिवशी एकटाच सहा तास खेळला आणि बारा-पंधरा लेव्हल पुढे गेला तर जोडी तिथेच तुटते. त्याला एकट्याने खेळायचंच असेल तर मर्चंट खेळू द्या, आर्चर नाही. लेव्हल पंचविशीच्या पुढे गेल्यावर ऑर्कच्या मैदानात हला. तिथे काफ्राकडे जवळच्या गावात सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर मेल्यावर अर्धं जग चालत परत यावं लागतं, आणि बटरफ्लाय विंगही तुम्हाला त्याच जुन्या गावी नेऊन टाकते.